नऊ इंची भिंतीतून

१६ जाने. २००७, मंगळ.
संगीता आणि जावई सकाळच्या गाडीनं लातूरला गेले. लेक गेली की घर खायला उठतं. जाताना जावईबापूंनी त्यांचा जुना मोबाईल माझ्या हातात ठेवला. फोटो निघतात, आवाज भरता येतो. कार्ड काढून घेतलंय, त्यामुळे फोन काही लागत नाही. ह्यांनी तोंड वाकडं केलं. "बिनकार्डाचा मोबाईल म्हंजे नुसता डबा. काय करायलीस त्याचं?"
म्हटलं, घरात एवढे डबे आहेत, त्यात एक.

१८ जाने., गुरु.
जावईबापूंनी शिकवलेलं उतरवून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन. आवाज भरणं: माईकचं चित्र, मग तांबडं बटण. दुसरं ब्लूटूथ. आपल्या फोनमधला फोटो, आवाज दुसऱ्याच्या फोनमध्ये जातो. वायर नाही, पैसा नाही, नंबर नाही, कार्डसुद्धा लागत नाही. अट एवढीच की दुसरा जवळ पाहिजे, दहाएक पावलांत, आणि त्यानं तिकडून हो म्हणायला पाहिजे.
ह्याच्या आधीच्या फोनात म्हणे दोन्ही फोन डोक्याला डोकं लावून धरावे लागायचे. जरा हललं की तुटलं. ह्याला समोरासमोर यायची गरजच नाही. "भिंतीतून पण जातं, मामी," असं जावई सहज बोलून गेले. मी ते विसरलेली नाही.

२८ जाने., रवि.
दुपारी ज्वारीच्या कोठीपाशी बसले होते. हे दुकानात. उगाच "शोधा" दाबलं. चक्र फिरत राहिलं आणि एक नाव उमटलं. इंग्रजी अक्षरं मला सावकाश लागतात. जी. आय. आर. आय. जे. ए.
गिरिजा!
माझ्या धाकट्या जावेची, सुमनची लेक. अंबाजोगाईला शिकते, शनिवार-रविवार घरी असते. तिच्या जन्मानंतर सुमन आठ महिने आजारी होती, तेव्हा ही पोर माझ्याच मांडीवर वाढली. मला मोठी आई म्हणायची. आता भिंतीपलीकडे आहे आणि पाच वर्षांत तिची हाक ऐकली नाही. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी मिळून ही भिंत घातली, तेव्हा मध्ये दार ठेवलं होतं. अबोला झाला आणि दारही विटांनी बुजवलं.
त्या नऊ इंची विटांतून तिचं नाव माझ्या हातात आलं. कितीतरी वेळ बघत बसले. हे पाणी प्यायला आले. "काय बघायलीस?"
"डबा."

४ फेब्रु., रवि.
पाठवलं. काय पाठवावं सुचेना, तेवढ्यात मांजर आली, तिचाच फोटो काढला. मांजर दोन्ही घरी जाते, तिला अबोला नाही. पाठवला आणि थांबले. फोन म्हणतोय वाट बघा. मग निळी रेघ सरकायला लागली, सरकत सरकत भरली. गेलं!
थोड्या वेळानं माझाच फोन वाजला: गिरिजाकडून आलंय, घ्यायचं का? अंगठा दुखेल इतक्या जोरात हो दाबलं. तीच मांजर त्यांच्या स्वयंपाकघरात दूध पिताना. बाजूला एक हात, हिरव्या बांगड्या, करंगळीवर भाजल्याचा जुना डाग. सुमनचा हात.
रडले. लपवून काय करायचं, वही माझीच आहे.

११ फेब्रु., रवि.
आता आमची पद्धत बसली आहे. मन्मथ भावजींनी सुमनला गिरिजाच्या गळ्याची आण घातली आहे: थोरल्या घरी एक शब्द बोलायचा नाही, लिहायचा नाही. आण पाळणारी बाई आहे ती. मला कुणी आण घातलेली नाही, ह्यांनी नुसते डोळे वटारले होते, ते काही आणेत धरत नाहीत. म्हणून मी आवाज भरून पाठवते आणि सुमन फोटोनं उत्तर देते. फोटो म्हणजे काही शब्द नव्हे.
आज विचारलं, गुडघा कसा आहे. फोटो आला तेलाच्या बाटलीचा, त्यापाठोपाठ जिन्याचा. म्हणजे चोळते, पण जिना चढवत नाही. मग विचारलं, भावजी कसे आहेत. लाल मिरची आली. इतकी हसले की हे दुकानातून आत डोकावले. "काय झालं बे हिला?" असं त्यांनी गड्याला विचारलं. मला नाही.
ज्यानं कुणी हे यंत्र काढलं त्याच्या घरीही जावाजावा असणार.

२५ फेब्रु., रवि.
शोध लागला. लोखंडी कपाटाजवळ नाव येतच नाही. देवघरात येतं आणि जातं. कोठीच्या कोपऱ्यात, बुटक्या पाटावर बसलं की हमखास. तिथंच पूर्वी दार होतं, विटा अलीकडच्या आहेत, सिमेंट हात राखून टाकलेलं. गवंडी भावजींचा होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.
मोबाईलच्या खिडकीत बघून कुणाला नमस्कार करावासा वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं. आज सकाळी ह्यांची इष्टलिंगाची पूजा चालली होती, मी मागं उभी राहून हात जोडले. एक नमस्कार देवाला आणि एक ब्लूटूथला. देवानं तो मनावर घेतला नसावा.

५ मार्च, सोम.
दोघा भावांनी मोबाईल घेतले. आधी ह्यांनी, अंबाजोगाईहून, व्यापाऱ्यांशी बोलायला म्हणून. आठव्या दिवशी भावजींनी. दुकानातला गडी सांगत होता, त्याच दुकानातून, तोच, रंगसुद्धा तोच. दुकानदाराला म्हणाले म्हणे, "दादानं नेला तोच दे." तोंडातून दादा निघालं. हे ऐकून ह्यांनी कापडाचा तागा उलगडला आणि परत गुंडाळला. गिऱ्हाईक नव्हतंच.

१८ मार्च, रवि.
सुमनकडून एकामागं एक फोटो. नारळ, साखरेचा पुडा, मग एका मुलाचा फोटो, मिशी बारीक, डोळे चांगले. शेवटी कॅलेंडरचं पान आणि ९ मेवर तिचं बोट. गिरिजाचं लग्न ठरलं! अधिक महिना लागायच्या आत उरकणार.
मी भरून पाठवलं: "पोरगा कुठला? सासू कशी हाय?" उत्तरात धारूरच्या किल्ल्याचा लांबून काढलेला फोटो. म्हणजे गावातलाच आहे. सासूबद्दल गुळाचा खडा. बरं वाटलं.
हे रात्री जेवले नाहीत. त्यांनाही कळालं होतं, दुकानात, एका गिऱ्हाइकाकडून. म्हणाले, "मला लोकं पेढे मागायलेत. मी काय सांगू?"

१५ एप्रिल, रवि.
जे कुठंच लिहिलं नाही ते आज लिहिते.
पाच वर्षांपूर्वी संगीताचं लग्न. आमच्याकडं भावकीला अक्षत द्यायला घरातल्या थोरल्यानं स्वतः जायचं असतं, कुंकू लावून, हातात हात घेऊन. सख्ख्या भावाला तर जास्तच. ह्यांनी भावजींची पत्रिका वेगळी काढली आणि मला म्हणाले, "ही ठेव. संध्याकाळी मी जातो." मी ती कोनाड्यात ठेवली. दुपारी बायका, आचारी, बांगड्यावाला, सगळा गोंधळ. गडी पत्रिका वाटायला निघाला तेव्हा कोनाड्यातला गठ्ठा मीच त्याच्या पिशवीत टाकला. त्यात ती गेली.
भावजींना भावाची अक्षत गड्याच्या हातून मिळाली. ते आले नाहीत. सुमनला येऊ दिलं नाही. लग्नात सख्खा चुलता नाही, सगळं गाव बघतंय. चौथ्या दिवशी भावजी चौकात ह्यांना नको ते बोलले. हे एकच वाक्य बोलले असते की माझ्या बायकोच्या हातून झालं, तर तिथंच मिटलं असतं. बोलले नाहीत. घरी येऊन मला इतकंच सांगितलं, "कुणाला सांगू नको. घरच्या बाईचं नाव चौकात न्हाई घ्यायचं."
तेव्हा मला ते फार मोठेपणाचं वाटलं. अजूनही वाटतं. पण पाच वर्षं त्या मोठेपणाखाली मी मान खाली घालून बसले आहे, आणि माझ्या चुकीपायी ह्या माणसाला भाऊ नाही.

२९ एप्रिल, रवि.
गिरिजा परीक्षा संपवून आली, आता रोज घरी. दोन साड्यांचा फोटो आला. मी भरलं: "डावीकडली घे. उजवी पहिल्या धुण्यात रंग सोडील." इतकी वर्षं कापडवाल्याची बायको आहे मी. सुमनचं उत्तर: डावी साडी मांडीवर.
मग पहिल्यांदा गिरिजाचा आवाज आला. तिला आण नाही, पण बापाचा धाक आहे. हळू बोलत होती. "मोठी आई, पत्रिका आल्यात. बाबा म्हणायलेत, थोरल्या घरी अक्षत जाणार न्हाई. मी रडले तर म्हणले, लग्न तुझं हाय, मान माझा हाय. तू हळदीला न्हाई आलीस तर मी बसणार न्हाई पाटावर."
पाच वर्षांनी मोठी आई ऐकलं. आवाज बाईचा झालाय. चार वेळा लावलं. पाचव्यांदा लावणार तर हे आले.

३ मे, गुरु.
आधी सगळं उतरवून ठेवते.
ठरवलं होतं, सुमनला खरं सांगायचं. तिला कळलं तर ती वाट काढील, नाहीतर निदान माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. कोपऱ्यात बसून भरलं. सगळं. कोनाडा, गठ्ठा, पिशवी. "सुमन, ती पत्रिका मी पाठवली गड्याच्या हातानं. ह्यांनी न्हाई. ह्यांनी माझ्यापायी भाऊ सोडला. पोरीला हळद लावायचा मला हक्क न्हाई, पण मला यायचंय गं." शेवटी रडू आलं तेही तसंच भरलं गेलं.
"शोधा" दाबलं, वरची ओळ दाबली, रेघ भरली. गेलं.
मग बघते तर वर लिहिलंय, कुणाला पाठवलं ते. गिरिजा नव्हे. कंपनीचं नाव आणि चार आकडे, नव्या फोनाला असतात तसे.
एवढे महिने शोधलं की एकच नाव यायचं, गिरिजा. न वाचता वरची ओळ दाबायची सवय लागली. आज वरच्या ओळीत दुसरं होतं.
आधी वाटलं ह्यांच्याच फोनात गेलं. ह्यांचाही तोच फोन, तेच आकडे. आंघोळीला गेले तेव्हा खिशातून काढून बघितला. त्यात काही नाही, ब्लूटूथ बंदच. म्हणजे पलीकडं. भावजींच्या फोनात. त्यांनी भजन आलंय समजून हो दाबलं असणार.
ह्यांच्या फोनमधलं ब्लूटूथ मी चालू करून ठेवलं. कशासाठी ते विचारू नये.

४ मे, शुक्र.
पलीकडं काही आवाज नाही. भावजी त्यांच्या दुकानात गेलेच नाहीत, आमचा गडी म्हणाला. सुमनला सांगावं तर गिरिजाचं नाव येत नाही, फोन बंद दिसतो. माझ्यामुळे पोरीच्या लग्नात काही विघ्न आलं तर मी काय करू?

६ मे, रवि.
मांडव उभा राहिला. भिंतीवरून कनाती दिसतात. आज नाव आलं! गिरिजाला विचारलं, बाबा काही बोलले का. तिचा आवाज: "न्हाई. तीन दिस झाले गप हायेत. मोबाईल कानाला लावून बसत्यात, पण बोलत तर कुणाशीच न्हाईत. मोठी आई, तू काय पाठवलंस?"
सुमनचा एक फोटो आला: भावजी पाठमोरे, आमच्या भिंतीकडं तोंड करून, बुजवलेल्या दारापाशी उभे.
ह्या चौकोनी तुकड्यात मला काय काय दिसायला लागलंय. पाच वर्षं तोंडावर भिंत होती, आता भिंतीपलीकडचा माणूस माझ्या तळहातावर उभा आहे.

८ मे, मंगळ.
दुपारी १. पत्रिका आली नाही. संध्याकाळी पाचला हळद. हे आज दुकान उघडून लगेच बंद करून आले. बसून राहिले. गावातली माणसं आमच्या दारावरून मांडवात चालली आहेत.

अडीच वाजता ह्यांचा फोन वाजला. हे बघत राहिले. "काय इचारायलंय हे?" मी वाचलं: कुणीतरी काहीतरी पाठवतंय, घ्यायचं का. आकडे तेच. म्हटलं, "हो दाबा." त्यांनी दाबलं. आवाज होता.
"दादा. मन्मथ बोलतोय. वैनीनं भरलेलं मला आलं, चुकून आलं आसंल. मी चौकात तुला काय काय बोललो. तू यकदा तरी म्हणायचं व्हतं की पत्रिका मी न्हाई धाडली. पाच वर्सं का म्हून गप बसलास?" मग नुसती भांड्यांची खडखड, कुणी तरी विचारतंय हळदीची परात कुठं आहे, आणि तुटलं. ये म्हणाले नाहीत, येऊ नको म्हणाले नाहीत.
ह्यांनी तीनदा ऐकलं. मग माझ्याकडं बघितलं. "तू सांगितलंस त्याला?"
"सुमनला सांगत होते. वरची ओळ चुकली."
रागावतील म्हणून वाट बघत होते. म्हणाले, "पाणी दे." पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि म्हणाले, "ह्याच्यात आपला आवाज कसा भरत्यात?"

तांबडं बटण दाखवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. माणसाला एकटं बोलू द्यावं. पण आवाजच येईना. खुर्ची करकरली. दोनदा खाकरले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. हाक आली तेव्हा गेले. एक मिनिट चार सेकंद भरलं होतं. लावून बघितलं. खुर्ची, खाकरणं, श्वास. एकही शब्द नाही.
म्हटलं, "परत भरा. ह्यात काहीच न्हाई."
"हाय. तसंच धाड."
"आवं, त्याला काय कळणार?"
"त्याला कळतंय."

त्यांना कोठीच्या कोपऱ्यात नेलं. बुटक्या पाटावर बसवलं. इतके महिने मी इथं बसते हे त्यांना आज कळलं, पण विचारलं नाही. शोधलं. ओळ वाचून दाखवली, दोनदा वाचली. ह्यांनी विचारलं, "ह्यो माझाच आकडा न्हाई का?" म्हटलं, भावजींचा आहे, सारखाच आहे. त्यांनी स्वतः दाबलं. फोन म्हणाला, वाट बघा.
पलीकडं सनई चालू होती, माणसांचा गलका होता, मन्मथ भावजी कुठं असतील, फोन खिशात असेल की खुंटीला लावलेल्या सदऱ्यात, काही कळायला मार्ग नाही. हे फोन तळहातावर धरून बसले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मग निळी रेघ हलली. थांबली. परत हलली, आणि भरली.

आता सव्वाचार. पलीकडून अजून काही आलेलं नाही, दारातही कुणी आलेलं नाही. ह्यांनी दाढीला पाणी मागितलंय, कुठं जायचंय ते बोलले नाहीत. मी हिरवी साडी काढून खाटेवर ठेवली आहे. अजून नेसले नाही.